झारा जागेवर हाय का?

बातमी आली तेव्हा झारा माझ्या टेबलावर होता. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी नुकतीच ऑफिसात येऊन खुर्ची ओढली होती, आणि फोनवर अप्पांच्या मेहुण्याचं, संगीता वहिनींच्या भावाचं नाव दिसलं. हा माणूस मला कधी फोन करत नाही. "दत्ताभाऊ, अप्पा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मग पलीकडून नुसता माणसांचा कालवा ऐकू येत राहिला. मी त्याला काय विचारलं, काही विचारलं की नाही, आठवत नाही. आठवतो तो टेबलावरचा झारा. खरं तर तो भिंतीवरच्या खिळ्याला असायला हवा होता. आदल्या दिवशी दुपारीच मी तो लावायला हवा होता. लावला नव्हता, आणि का लावला नव्हता हे मी कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही. अप्पांना जाऊन आता नऊ आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्याबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो... कारण लिहायचं तर हे लिहावं लागणार होतं.

अप्पा म्हणजे मन्मथ, मूळचे नेकनूरचे. वयाने माझ्याहून सहाच वर्षांनी मोठे, पण तिशीतच केस पिकलेले आणि चालणं संथ, त्यामुळे सगळे त्यांना अप्पाच म्हणायचे. अकरा वर्षं पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅमर होते. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा नोकरी सोडून गावी आले आणि बीडमधल्या एका छोट्या संस्थेचं काम हातात घेतलं. संस्थेचा एक फोन नंबर होता, अजून आहे. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या कुठल्याही गावातून त्यावर फोन करायचा. अमुक गटाचं रक्त या घटकेला सगळ्यात जवळ कुठे मिळेल, आणि रक्तपेढीत नसेल तर कोणता रक्तदाता निघू शकेल, हे आमच्या माणसांनी स्क्रीनवर बघून सांगायचं. कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, फोनवर बसणाऱ्या रुक्मिणीताई आणि त्यांच्या दोन जोडीदारणी, अप्पा आणि पुढे मी, असा सगळा कारभार. मी सात वर्षांपूर्वी तिथे लागलो. गेवराईचा आहे म्हटल्यावर अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "गेवराईचा का? मग हायवेवर अडकून पडायची सवय असंल. इथं उलटं हाय बघ. इथं कुणाला अडकू द्यायचं न्हाई." मी हसलो, पण आतून घाबरलेलो होतो. मी घाबरटच आहे. गॅस बंद केला का बघायला बसस्टँडवरून घरी परत जाणारा माणूस मी. अप्पांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं आणि मग त्यांना चेष्टेला विषय कमी पडला नाही.

आमच्या कामातला नाजूक भाग आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडची माहिती इतकी वाढली की एका ठिकाणी मावेना, म्हणून भागाभागाप्रमाणे तिचे चार तुकडे करून चार वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवले होते. या तुकड्यांना शार्ड म्हणतात. डेटाबेसशी बोलायचं तर आधी कनेक्शन लागतं. दर वेळी ते नव्याने जोडण्यात वेळ जातो, म्हणून थोडी कनेक्शन आधीच जोडून तयार ठेवतात, त्या साठ्याला पूल म्हणतात. आणि प्रोग्रॅमच्या पोटात एकाच वेळी अनेक कामं चालू असतात, ते थ्रेड. प्रत्येक थ्रेडने पूलमधून कनेक्शन उचलायचं, काम करायचं, परत ठेवायचं. ऐकायला सोपं आहे. पण एखादं रक्त दोन भागांत शोधायचं असलं की दोन शार्डांची कनेक्शन लागतात. एका थ्रेडने बीडचं धरलं आणि शेजारच्या जिल्ह्याच्या कनेक्शनची वाट बघत बसला, त्याच वेळी दुसऱ्याने शेजारचं धरलं आणि बीडची वाट बघत बसला, तर दोघेही जागच्या जागी. काही मोडत नाही, कुठे चूक झाल्याचं दिसत नाही. नुसती शांतता. मला त्या शांततेची फार भीती वाटायची आणि अजून वाटते.

हे सगळं मला पुस्तकातून समजलं नव्हतं. समजलं ते अप्पांच्या वडिलांच्या दुकानातून. काशिनाथकाकांचा नेकनूरला लग्नाकार्याची भांडी भाड्याने द्यायचा धंदा. दुकान लहान, म्हणून कढया, पातेली, झारे नेकनूरला आणि मोठ्या भट्ट्या लिंबागणेशच्या गोदामात. अप्पा शाळेत असतानाची गोष्ट. एकाच तिथीला दोन लग्नं आली. एका घरच्यांनी नेकनूरहून शेवटची मोठी कढई उचलली आणि टेंपो भट्टीसाठी लिंबागणेशला नेला. दुसऱ्या घरच्यांनी लिंबागणेशहून शेवटची भट्टी उचलली आणि ते कढईसाठी नेकनूरला आले. एकाकडे कढई, दुसऱ्याकडे भट्टी, आणि दोन्ही मांडवांत आचारी हातावर हात धरून बसलेले. आधी त्यांनी सोडावं, असं दोघांचंही म्हणणं. "दोन्ही घरची माणसं वाईट न्हवती बरं का," अप्पा सांगायचे, "आपापल्या जागी दोघंबी बरोबरच हुते." शेवटी काकांनी स्वतः जाऊन कढईवाल्याची कढई भट्टीवाल्याच्या मांडवात नेली, त्याचं जेवण आधी उरकलं, मग दोन्ही सामान दुसरीकडे पाठवलं. त्या दिवसापासून त्यांनी नेम घालून दिला. कुणीही असो, आधी नेकनूरला यायचं, मगच लिंबागणेशला जायचं. आणि सगळं मिळत नसेल तर हातातलंही ठेवून जायचं, अर्धं सामान धरून कुणी बसायचं नाही. अप्पांनी आमच्या प्रोग्रॅममध्ये तेच लिहिलं होतं. चारही शार्डांना क्रम लावून दिलेला. कुठल्याही थ्रेडने त्याच क्रमाने कनेक्शन मागायचं, तीन सेकंदांत मिळालं नाही तर हातातली परत करायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. त्या ओळींवर त्यांनी मराठीत शेरा लिहून ठेवला होता, "आधी नेकनूर". नवीन माणसाला तो वाचून काही बोध व्हायचा नाही, आणि अप्पांना तेवढंच निमित्त हवं असायचं. चहा मागवून ते दोन लग्नांची गोष्ट पहिल्यापासून सांगायचे.

झारा आला तोही तिथूनच. मी लागल्यावर वर्षभराच्या आतच एकदा आम्ही दोघांनी एकाच वेळी चालू प्रोग्रॅममध्ये हात घातला, त्यांनी एक बदललं, मी दुसरं, आणि तासभर कुणाला काही कळेना की बिघडवलं कुणी. दुसऱ्या दिवशी अप्पा नेकनूरहून येताना दुकानातला झारा घेऊन आले. हातभर लांब दांड्याचा, लोखंडी, बुंदी पाडायचा. भिंतीत खिळा ठोकला आणि लावला. "एका झाऱ्याला दोघं हात घालत न्हाईत. ज्याच्याकडं झारा, त्यानंच हात लावायचा. काम झालं की जागेवर. खिळा रिकामा दिसला की समजायचं, कुणीतरी कामात हाय, थांबा." रुक्मिणीताईंना हा प्रकार आधी पोरखेळ वाटला, मग त्याच सगळ्यात कडक झाल्या. एकदा अप्पाच झारा पिशवीत टाकून घरी घेऊन गेले. नेकनूरला उतरल्यावर लक्षात आलं, तर समोरून येणाऱ्या एसटीने परत बीडला आले, खिळ्याला लावला, आणि पुन्हा गेले. उद्या आणला असता तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं. "तू उद्या सकाळी माझ्या आधी येतूस. रिकामा खिळा बघून बसून राहिला असतास, घाबरट माणूस," ते म्हणाले. जायच्या आधी रोज एकदा त्यांची हाक यायचीच, "झारा जागेवर हाय का?" त्यावर कुणीतरी हो म्हटलं की मगच चपला घालायचे.

माझं आणि त्यांचं भांडण एकाच आकड्यावरून व्हायचं. पूलमध्ये प्रत्येक शार्डसाठी त्यांनी आठच कनेक्शन ठेवली होती. फोन वाढले की थ्रेडांची रांग लागायची, स्क्रीनवर क्षणभर 'थांबा' दिसायचं आणि माझा जीव वरखाली व्हायचा. "आठच कावून, अप्पा? वीस करू की." यावर ते अजिबात चिडायचे नाहीत. "वीस केले की तुला बरं वाटंल, डेटाबेसला न्हाई. आपले तीन कॉम्प्युटर हायत, तिन्ही मागत्यात. तू वीस म्हनतूस, तिथं साठ जात्यात. आन् त्याच्या दारात पन्नासच मावत्यात." मी मान हलवायचो. समजलंय असं मलाही वाटायचं. पण स्क्रीनवर 'थांबा' आलं की समजलेलं सगळं विसरायला व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्यांनी दगा दिला. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस सुरू झालं. त्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात जायचे आणि झारा माझ्या भरवशावर असायचा. कधी मी डबा द्यायला जायचो, तर ते मशीनच्या नळ्यांआडून विचारणार, कालची रांग किती लागली होती. चार तास झाले की नर्स यायच्या आधी उठून बसायचे. बाहेर बाकावर पुढचा पेशंट असायचा, एक म्हातारे गृहस्थ, त्यांना हाक मारून सांगायचे, "या मामा, झालं माझं." परत येताना रिक्षात मात्र डोळे मिटून गप्प असायचे. मी त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून असायचो, आणि त्यांना ते न बघताच कळायचं. "हाय रे अजून," म्हणायचे.

त्या मंगळवारी सकाळपासून फोन जास्त होते. पावसानंतर तापाची साथ होती, प्लेटलेट विचारणारे एकामागोमाग एक. 'थांबा', 'थांबा', 'थांबा'... रुक्मिणीताई मान वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठलो, खिळ्यावरचा झारा काढला, टेबलावर ठेवला आणि आठाचे वीस केले. वर आणखी एक शहाणपणा केला. तीन सेकंदांची वाट बघायची मर्यादा वाढवून एक मिनिट केली, म्हणजे कुणी रिकाम्या हाताने परत फिरायला नको. पहिली पाच मिनिटं सगळं इतकं छान पळालं की मी खूश झालो. मग दोन कॉम्प्युटरांनी क्रमातल्या शेवटच्या, बीडच्या शार्डची वीस-वीस कनेक्शन उचलली, तिसऱ्याला दारात दहाचीच जागा उरली, आणि त्याचे बाकीचे थ्रेड दुसऱ्या शार्डांची कनेक्शन हातात धरून एक एक मिनिट उभे राहायला लागले. हळूहळू चारही शार्ड गप्प झाले. अप्पांनी सांगितलेलं तसंच्या तसं. सगळे अर्धं सामान धरून बसलेले. "दत्ताभाऊ, नुसतं चक्र फिरतंय," रुक्मिणीताई म्हणाल्या, "गेवराईकडून फोन हाय. बाळंतीण हाय, लई रक्त गेलंय म्हनत्यात." घाबरून मी भलत्याच फाइली उघडत होतो आणि मला साधी ती दोन आकड्यांची ओळ सापडेना. रुक्मिणीताईंनी माझा भरवसा सोडला आणि भिंतीवरची जुनी यादी बघून एकेका रक्तपेढीला स्वतः फोन लावायला सुरुवात केली.

आणि त्या गडबडीत माझा फोन वाजला. अप्पांचा मेसेज. चार शब्द. "झारा जागेवर हाय का?" काही अडलं की त्यांच्या फोनवर आपोआप सूचना जायची, हे मी विसरलो होतो. मशीनला जोडलेला माणूस, एक हात अडकलेला, दुसऱ्या हाताने त्यांनी ते लिहिलं होतं. मी वाचलं. झारा समोर टेबलावर होता. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, काय केलंस? मी फोन उलटा ठेवला. पाऊण तासाने ती ओळ सापडली, विसाचे पुन्हा आठ झाले, मिनिटाचे तीन सेकंद झाले, आणि सगळं सुरू झालं. तोवर रुक्मिणीताईंच्या यादीतून त्या बाईसाठी रक्त निघालंही होतं. ती वाचली, बाळही वाचलं, हे संध्याकाळी कळलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभा राहिलो. जुन्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी अडकलं असेल, असं सगळे म्हणाले. जुना प्रोग्रॅम म्हणजे अप्पांचा. मी त्यांना तसं म्हणू दिलं. अप्पांना उद्या समोरासमोर सांगू, असं ठरवलं. मेसेजला उत्तर दिलं नाही. झाऱ्याकडे बघवेना, म्हणून तो तसाच टेबलावर ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून अप्पा लिंगपूजेला बसले, आणि बसल्या जागीच गेले. डॉक्टर हृदय म्हणाले.

त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून माती देतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, मांडी घातलेली. मी गर्दीत मागे होतो तरी ते दिसत होते. बसलेला माणूस गेलाय असं वाटत नाही. मला सारखं वाटत होतं की मान वळवून ते विचारतील, आणि मला त्यांच्या नजरेसमोरून बाजूला व्हावंसं वाटत होतं. ज्या माणसाने मला सगळं शिकवलं त्याच्या मातीला उभं राहून मी लपत होतो, हे लिहिताना आजही लाज वाटते. त्यांचं पथ्य, त्यांची विश्रांती, आणि मी त्यांना त्या घटकेला कुठल्या काळजीत टाकलं... हा एकच विचार पुढचे कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. झोपेतून उठलो की पहिला तोच.

सहाव्या आठवड्यात मी झारा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि नेकनूरची एसटी पकडली. झारा दुकानाचा होता, तो परत करायचा असं कारण स्वतःला दिलं होतं. खरं कारण वहिनींना सांगणं हे होतं. त्यांनी चहा ठेवला आणि मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. वीस, मिनिट, बाळंतीण, मेसेज. त्या भांडं हातात धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी शेजारीच बसलते की. हे फोनकडं बघायलते. मी म्हनलं, लावून देऊ का दत्ताभाऊला? तर म्हनले, नको. उत्तर आलं न्हाई म्हंजे झारा त्याच्या हातात हाय. कामातल्या माणसाला हाक मारू न्हाई." त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "घाबरट हाय, पन सोडून पळायचा न्हाई, असंबी म्हनले. मंग थोड्या येळानं फोन वाजला, सुरू झालं म्हून. तो बघितला आन् झोपले." मी खाली बसलो आणि मला रडू आवरेना. वहिनींनी मला रडू दिलं, आणि चहा उतू गेला तो पुसून दुसरा टाकला.

काशिनाथकाका पुढे दुकानात होते. भिंतीवर ओळीने सात खिळे, सहांना झारे, शेवटचा खिळा रिकामा. मी कागद सोडला. काकांनी झारा हातात घेतला, दांड्यावरून अंगठा फिरवला आणि मला परत दिला. मला वाटलं, गुडघ्यांमुळे त्यांना उठवत नाही, मीच लावावा. मी त्या खिळ्याकडे निघालो.

"थांब. तिथं नको लावूस," काका म्हणाले.

"काका, तुमचाच आहे. परत करायला आणलाय."

"ठाव हाय मला." बाहेर एका टेंपोत पातेली चढत होती, काका त्याकडे बघत राहिले. "सहा वर्सं झाली, सकाळी शटर वर केलं की आधी त्यो खिळा बघतो. रिकामा दिसला की म्हनतो, झारा बीडला हाय, पोरगं कामावर गेलंय. आता तू त्यो भरलास तर मी सकाळी काय म्हनू?"

ज्यांनी दोन जिल्ह्यांतल्या लग्नघरांना सामान परत करायला शिकवलं, ते हे म्हणत होते. मी झारा पुन्हा कागदात गुंडाळला. येताना एसटीत तो मांडीवर आडवा धरून बसलो होतो आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठं बुंदीचं काम हाय का? मी हो म्हणालो.

ऑफिसात आल्यावर आधी रुक्मिणीताईंना आणि मग सगळ्यांना सांगितलं की त्या मंगळवारी जुन्या प्रोग्रॅमचा काही दोष नव्हता, हात माझा होता. रुक्मिणीताई म्हणाल्या, "ठाव हाय. तुमचं तोंड बघितलं हुतं मी." मग मी झारा खिळ्याला लावला. आठाचे आठच आहेत. पुढच्या महिन्यात पाचवा शार्ड जोडायचा आहे, क्रमात तो कुठे बसवायचा हे मला एकट्याला ठरवायचं आहे आणि त्या नुसत्या विचाराने मला धडधडतं. जायच्या वेळी आता मीच हाक मारतो, कुणीतरी हो म्हणतं, मी चपला घालतो.

अप्पांचा तो मेसेज मात्र अजून तसाच आहे, आमच्या दोघांच्या बोलण्यातला शेवटचा. उत्तर लिहायला मी दोनदा फोन उघडला. 'हो' लिहिलं आणि पुसलं. आमच्या खिळ्याला झारा आहे, हे खरं. पण त्याची जागा नेकनूरला आहे, आणि ती अजून रिकामी आहे ना, हे काशिनाथकाका रोज सकाळी शटर वर करून आधी बघून घेतात.